माळावरचा फ्रीज

“मग तुमची कृपा माझ्यापर्यंतच का पोहोचत नाही, बुवा?”

“फ्रीज चालू आहे का?” चिंतामणबुवांनी विचारलं.

रंगनाथने डोळे मिटून घेतले. सकाळपासून हाच प्रश्न त्याने तऱ्हेतऱ्हेने विचारून पाहिला होता, आणि दर वेळी बुवांनी फ्रीजची चौकशी केली होती.

“चालू आहे,” तो म्हणाला. “म्हणजे... कण्हतोय.”

“मग आधी तो बघ.”

रंगनाथ मोकाशीचं सांगलीत विजेच्या सामानाचं दुकान. गावातल्या कितीतरी गच्च्यांवरची सौर पॅनेलं त्यानेच बसवलेली. ही व्हॅनही त्याने बुवांसाठीच तयार केली होती. छपरावर पॅनेल, सीटखाली बॅटरी आणि मागे पेटीसारखा, वरून झाकण उघडणारा छोटा फ्रीज. विजेच्या खांबाचं तोंड न बघता जंगलात आठ दिवस राहून दाखवीन, असं तो दुकानात येईल-जाईल त्याला ऐकवायचा.

बुवांना कोजागिरीपर्यंत आपल्या गुरूंच्या समाधीपाशी राहायचं होतं. त्या गुरूंना सगळे मोठे बुवा म्हणत. समाधी म्हणजे जतकडच्या उघड्या माळावरचा एक दगडी चौथरा. वर छप्पर नाही, जवळपास वस्ती नाही, वीज नाही. लांब टेकड्यांवर पवनचक्क्या फिरत होत्या, पण त्यांची वीज कुठे जात होती देव जाणे.

बुवांना मधुमेह. रोज इन्सुलिन टोचावं लागायचं. “फ्रीजचा आकडा आठ अंशांच्या वर गेला, की मुकाट्याने परत फिरायचं,” असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्यात बुवांची नजर उतरत चालली होती. पुढच्या वर्षी हा माळ आपल्याला दिसेल की नुसता पायाला लागेल, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

थोडक्यात, फ्रीज चालला तर कोजागिरी. नाही चालला तर सांगली.

घरून बॅटरी शिगोशीग भरून निघाल्यामुळे कालचा दिवस निभला होता. आज फ्रीजवरचा आकडा सातवर येऊन बसला होता.

रंगनाथने फ्यूज काढून पाहिला. ठीक होता. वायरी चाचपून पाहिल्या. नव्या कोऱ्या होत्या. मग त्याने फ्रीजचं झाकण उघडून आत हात घातला.

“झाकण लाव,” बुवा चौथऱ्यावरून म्हणाले.

“गार आहे का बघतोय, बुवा.”

“तू बघतोयस म्हणून ते गार होणार आहे का?”

त्याने झाकण लावलं. जरा वेळाने पुन्हा उघडलं.

“रंगा...”

“लावलं, लावलं!”

माळावर ऊन नुसतं सांडत होतं. झाडं म्हणायला लांब दोन बाभळी, त्यांचीही सावली गाडीपर्यंत येत नव्हती. एवढ्या उन्हात पॅनेलमधून जेमतेम एक दिवा मिणमिणेल इतकीच वीज खाली येत होती. रंगनाथला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. गावभर मिरवलं आणि नेमकं इथे नाक कापलं.

“गाडी सुरू करतो थोडा वेळ,” तो म्हणाला. “इंजिनावर बॅटरी भरून निघेल.”

“माझ्या गुरूच्या उशाशी धूर सोडायचा नाही.”

“अहो, पण औषध खराब होईल!”

“धूर सोडायचा नाही म्हटलं ना?”

झालं. रंगनाथने हातातला स्क्रू-ड्रायव्हर गवतात भिरकावला, मग मुकाट्याने जाऊन उचलून आणला.

“हे असं आहे बघा, बुवा!” त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला. “ऊन आहे, पॅनेल आहे, वायर नवी आहे. मध्ये काही म्हणजे काही अडत नाही. तरी खाली पोहोचत नाही! आणि माझंही तस्संच. तुम्ही आहात, मी आहे. मी काय करायचं ठेवलं सांगा! दर गुरुवारी हार चुकला नाही. दुकानात तुमचा फोटो, गाडीत तुमचा फोटो, फ्रीजच्या झाकणावर तुमचा फोटो...”

“तो पाहिला मी. इंजेक्शन काढायचं म्हटलं, की माझंच नाक धरून झाकण उघडावं लागतं.”

“थट्टा नका करू, बुवा.”

“थट्टा कुठली? नाक वर आलंय त्यात.”

रंगनाथला खरंच वाईट वाटत होतं. इतर शिष्य येत, बुवांशी चार शब्द बोलत आणि हलके होऊन जात. हा मात्र उरी फुटेस्तोवर सेवा करायचा आणि होता तसाच घरी जायचा.

...

बुवा चौथऱ्याच्या दगडावरून हात फिरवत होते. रंगनाथला पहिल्यांदाच लक्षात आलं, की इथे मोठ्या बुवांची मूर्ती नव्हती, तसबीर नव्हती, साधं नावही कोरलेलं नव्हतं.

“मोठ्या बुवांचा एखादा फोटो नाही का?” त्याने विचारलं. “मी मोठा करून आणला असता. काचेच्या पेटीत बसवला असता.”

“नाही.”

“कुणी काढलाच नाही?”

“काढू दिला नाही.”

“का?”

“चहा कर,” बुवा म्हणाले.

त्याने स्टोव्ह पेटवला. गाडीच्या सावलीत बुवांना घडीची खुर्ची मांडून दिली, पाठीशी उशी दिली, बिनसाखरेचा चहा फुलपात्रात ओतून हातात दिला. फुलपात्र तोंडाला लावणार तोच बुवा थांबले. चहात काहीतरी पडलं होतं.

त्यांनी ते बोटाने काढलं आणि डोळ्यांजवळ नेलं.

“झेंडू?”

“हो, बुवा.”

“या माळावर कुसळाशिवाय काही उगवत नाही. हा कुठून आला?”

“वरून.”

“वरून म्हणजे? देवांनी पुष्पवृष्टी केली?”

“छपरावरून, बुवा. खंडेनवमीला गाडीची पूजा केली ना. सगळी यंत्रं पुजली तशी पॅनेलचीही केली. त्याचा हार आहे वर.”

“पॅनेलवर?”

“हो. वाऱ्याने उडू नये म्हणून तारेने बांधलाय.”

बुवांनी फुलपात्र खाली ठेवलं.

“आणखी काय आहे?”

“हळद-कुंकू. स्वस्तिक काढलंय. चांगलं ठसठशीत.”

“आणखी?”

...

“विचारतोय मी. आणखी काय आहे वर?”

“तुम्ही आहात, बुवा.”

बुवा त्याच्याकडे बघत राहिले.

“केवढा?”

“आहात... मोठे आहात. फ्लेक्सवाल्याकडून खास करून घेतला. पावसापाण्यात टिकेल असा. पक्का चिकटवलाय, अगदी मधोमध. तुमचा हात असावा डोक्यावर, म्हणून...”

बोलता बोलता रंगनाथ थांबला. चार महिन्यांपूर्वी जयसिंगपूरच्या एका बाईंनी पॅनेलच्या कडेला पापड वाळत घातले होते. त्यांना तो भर दुपारी, सासूच्या देखत, वाटेल तसं बोलला होता. “एका कोपऱ्यावर सावली पडली तरी अख्खं पॅनेल बसतं, कळत नाही का तुम्हाला?” असं त्याच तोंडाने सांगितलं होतं. पण ते पापड होते. पूजेचीही सावली पडते, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

तो शिडी लावून वर चढला. तारा सोडल्या, हार खाली टाकला, पाण्याने हळद-कुंकू पुसलं. मग खाली येऊन त्याने बॅटरीच्या पट्टीवरचा आकडा बघितला.

“वाढलं, बुवा! थोडं वाढलं.”

“फ्रीज काय म्हणतो?”

रंगनाथने वाकून पाहिलं. आकडा आठवर गेला होता.

“अजून नाही.”

“वर काय राहिलं?”

रंगनाथ जमिनीकडे बघू लागला.

“तो निघायचा नाही, बुवा. पक्का आहे. नखं लावून, खरवडून काढावा लागेल.”

“मग खरवड.”

“तुमच्या तोंडाला नखं लावू? मी?” त्याचा आवाज चिरकला. “दुसरं काहीही सांगा. हात झडतील माझे!”

“अरे, तो कागद आहे.”

“तुमच्यासाठी असेल.”

बुवांनी कपाळाला हात लावला. मोठ्या बुवांनी आपल्या पदरी हा कुठला शिष्य घातला, असा चेहरा करून ते माळाकडे बघत बसले. रंगनाथने अंग चोरून घेतलं. बुवा चिडले, की त्याला पुजायला आणखी जोर यायचा. त्याने दोन्ही हात जोडले.

“उद्या खाली जाऊ, बुवा. मी नवं पॅनेल आणतो. याच्या शेजारी बसवतो. याला हात लावायलाच नको.”

“आणि कोजागिरी?”

“पुढच्या वर्षी करू.”

...

बुवांची मान हळूच चौथऱ्याकडे वळली. तिथे ऊन पडलं होतं आणि दगड पांढरा दिसत होता. ते डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत राहिले, नीट दिसत नसलं की बघायचे तसे.

रंगनाथला आपण काय बोलून गेलो ते कळलं. पुढच्या वर्षी. बुवांच्या डोळ्यांचा प्रत्येक कागद त्याच्याच हातातून डॉक्टरकडे जात होता, आणि तरी तो हे बोलला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. पण म्हणून हात वर जाईनात.

बुवा खुर्चीतून उठले. धोतराचा सोगा वर खोचला आणि गाडीच्या कडेने चाचपत चालू लागले.

“काय हवंय, बुवा? मी देतो.”

बुवांचा हात शिडीला लागला. त्यांनी एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला.

“अहो, बुवा!”

दुसरा पाय वर गेला. शिडी करकरली. बुवांचा तोल मागे गेला, पुढे आला, आणि ते तिसऱ्या पायरीसाठी पाय चाचपू लागले.

रंगनाथ धावला. ज्या पायांवर तो रोज नुसतं डोकं टेकवायचा, ते पाय त्याने आज दोन्ही हातांनी घट्ट धरले. पाय बारीक होते आणि थरथरत होते. आपण इतकी वर्षं नमस्कार केलेले पाय एवढे म्हातारे आहेत, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

“बुवा, पडाल! पाया पडतो तुमच्या, खाली उतरा!”

बुवांनी खाली पाहिलं नाही. एका हाताने शिडी धरून त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट छपराकडे केलं.

“आधी त्याला उतरव.”