तेरावी पाटी

११ जानेवारी २०१९, शुक्रवार. पहाटेपासून दाट धुके, वारा अजिबात नाही.

वेळशेतच्या खाडीच्या तोंडाशी जांभ्या दगडाचे जुने घंटाघर आहे. धुक्यात होड्यांना वाट कळावी म्हणून तिथे पितळी घंटा वाजवतात. समुद्रावर जाताना प्रत्येक होडीवाला आपल्या नावाची लाकडी पाटी आतल्या भिंतीवर अडकवतो आणि परतल्यावर काढतो. आज इमारतीच्या दुरुस्तीसाठी शहरातून दोघे आले होते. गिलावा खरवडताना त्यांच्यातल्या एकाने खिळ्यांनी ठोकलेल्या एका कोऱ्या पाटीला हात घातला.

"ती सोडून काय ते काढा, सायब," घंटेचा दोर ओढता ओढता राघो तांडेल म्हणाले. वय अठ्ठ्याहत्तर.

"अहो, हिच्यावर तर नावच नाही."

"म्हणून तर ठोकलीय."

मग दोर न सोडता त्यांनी सांगितले ते असे.

त्यांच्या पणज्याच्या, धाकू तांडेलाच्या काळी हरबा नावाच्या कोळ्याने नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दर्याला नारळ देण्याआधीच होडी पाण्यात घातली. गावकीने त्याला वाळीत टाकले. त्याचे घर खाडीपलीकडच्या खडकांवर गेले आणि पाटी चुलीत. पुढे पौषात असेच धुके पडले. हरबा आणि त्याचे दोन भाऊ समुद्रावर होते. गावच्या सगळ्या होड्या आल्या, सगळ्या पाट्या उतरल्या आणि धाकूने घंटा थांबवली.

हरबाची बायको येसू छातीभर पाण्यातून खाडी ओलांडून घंटाघराच्या दाराशी आली म्हणे. "धाकूदादा, माझी माणसं पाण्यात हायती."

धाकू म्हणाला, "भिंत बघ, येसू. कुणाची पाटी हाय? वाजवू कुणासाठी?"

"मग दोर माझ्या हातात दे."

दाराशी बसलेली गावकी हसली. कुणीतरी म्हणाले, "घरी जा आन् हंडा बडव. तुझ्या घोवाला तेवढा पुरंल."

येसू गेली. आपल्या दारासमोरच्या खडकावर उभी राहून तिने लाकडाने तांब्याचा हंडा बडवायला घेतला.

घंटा उजव्या हाताला ठेवून होडी वळवली की खाडीत शिरता येते, हे इथल्या प्रत्येक होडीवाल्याला ठाऊक असते. हरबाने आवाज ऐकला, घंटेचाच समजून तो उजव्या हाताला ठेवला आणि होडी वळवली. तिथे खाडी नव्हती, पाण्याखालचे सुळके होते. फळ्या फुटल्याचे येसूला ऐकू आले नाही, असे सांगतात. ती दुपारपर्यंत हंडा बडवत होती. धुके उठल्यावर तिघे तिच्या पायाशीच लागले. गावकीने निवाडा दिला की येसूने नवरा आणि दोन दीर मारले. ती मरेपर्यंत वाळीतच राहिली. ती गेल्यावर धाकूने ही कोरी पाटी ठोकली.

"म्हणजे गावाला पश्चात्ताप झाला," दुसरा पाहुणा म्हणाला.

"गावाचं ठाऊक नाय," तांडेल म्हणाले. "ही पाटी ठोकली त्या सालापासून आमच्या घराण्याला वाळीत टाकलंय. दोर ओढायला तेवढं बोलावतात."

आजही सगळ्या पाट्या उतरल्या तरी ती एक राहते, म्हणून धुके उठेपर्यंत घंटा थांबत नाही. आज शेवटची, बारावी होडी आठ वाजून पाच मिनिटांनी आली. धुके नऊ वीसला उठले. तोपर्यंत घंटा वाजत होती. गिलावा पाटीभोवती एक बोट सोडून केला.