प्रमुखाची फांदी

अगं, हातातलं ठेव आणि आधी हे ऐक, एका रानात काय झालंय. तिथला प्रमुख एक माकड. त्याने ओढ्यावर वेलींचा झुलता पूल बांधला, ढोल बडवून उद्घाटन केलं, आणि दुसऱ्याच दिवशी पुलाचं अलीकडचं टोक सुटून पाण्यात. सशिणीची पिल्लं पलीकडच्या काठावर अडकली.

आता त्या रानात एक पद्धत आहे. असं काही झालं की प्रमुखाने ओढ्यावरच्या फांदीवर बसायचं, साळुंकी प्रश्न विचारणार, बाकी सगळे खाली बसून ऐकणार. आणि प्रमुख ज्याच्यावर ठपका ठेवेल, त्यालाही तिथल्या तिथे शेजारी आणून बसवायचं.

साळुंकीने विचारलं, "साहेब, सुटलेली गाठ कोणी मारली होती?"

"छान प्रश्न आहे," माकड म्हणालं. "पण जुन्या प्रमुखांनी इतकी वर्षं पूलच का नाही बांधला, ते आधी विचारा ना."

जुना प्रमुख, एक म्हातारं वानर, कुरकुरत वर चढलं. फांदी जराशी वाकली.

"ते ठीक. गाठ कोणी मारली?"

"वेली खारीने आणल्या होत्या. चौकशी होईल."

खार येऊन बसली.

"साहेब, गाठ."

"तुम्हाला चांगलं काही दिसतच नाही का? पुलावरून अस्वल गेलं, त्याला विचारा की."

"मी? मला तर तुम्हीच पाहुणा म्हणून बोलावलंत," म्हणत अस्वल चढलं. फांदी करकरली, माकडाची शेपटी पाण्याला टेकली. खाली सगळे हसून लोळायला लागले. सशीण तेवढी हसली नाही.

"भाऊ, मला कोणाचं नाव नकोय," ती म्हणाली. "गाठ सुटली कशी तेवढं सांगा, म्हणजे नीट बांधता येईल. पोरं भुकेली आहेत माझी."

माकडाने पलीकडे बघितलं. मग हळूच म्हणालं, "मीच मारली. दुहेरी हवी होती. उद्घाटनाची घाई होती, एकेरीच मारली."

झालं, बाकीच्यांची सुटका. आधी खार उतरली, मग वानर. मग अस्वलाने टुणकन उडी मारली, तशी फांदी वर उसळली आणि माकड धपकन ओढ्यात. पण वर आलं ते पुलाचं सुटलेलं टोक हातात घेऊनच. सगळ्यांसमोर त्याने दुहेरी गाठ मारली, अस्वलाने लटकून बघितली, आणि पिल्लं उड्या मारत आईकडे आली.

प्रमुखपद? ते राहिलं की त्याच्याकडेच. फक्त आता कुठल्याही पुलावर पहिलं त्याने चालायचं.

तर तात्पर्य असं: ठपका वाटत बसलं की आपलीच फांदी वाकते, चूक सांगून टाकली की दुरुस्ती सुरू होते.

आता खरं सांग, तू असतीस त्या फांदीवर, तर आधीच बोलली असतीस, की अस्वल चढेपर्यंत थांबली असतीस?