सुबाभूळ आणि राजाचे घोडे

फार जुन्या काळी, चहूकडून डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात ओळीने तीन वर्षे पाऊस पडला नाही. डोंगर बोडके झाले. गुरांना चारा उरला नाही, चुलीला सरपण उरले नाही. माणसे गावे सोडून चालू लागली.

त्या राज्यात केरबा नावाचा एक माळी होता. डोंगरांपलीकडच्या बंदरावर भेटलेल्या एका खलाशाकडून त्याने सुबाभळीच्या ओंजळभर बिया आणल्या आणि चौथ्या वर्षी पहिल्या सरी येताच माळावर पेरल्या. वर्षभरात झाडे माणसाच्या डोक्यावर गेली. पाला शेळ्यांनी खाल्ला, फांद्या चुलीत गेल्या, सरळ खोडे झोपड्यांना मेढी म्हणून लागली. तोडले तिथे पुन्हा फुटायचे. झाडाखालची मातीसुद्धा कसदार होऊ लागली. दोन-चार वर्षांत डोंगर हिरवे झाले.

राजाने केरबाच्या डोक्यावर पगडी ठेवली आणि सगळ्या रानांचा कारभार त्याला दिला.

"या झाडात खोट म्हणून नाही, महाराज," केरबा म्हणाला. तेव्हा त्याला खरेच तसे वाटत होते.

पुढच्या उन्हाळ्यात त्याची बायको चिमा त्याला परसात घेऊन गेली. तिथे त्यांचे तट्टू बांधलेले होते. तिने त्याच्या आयाळीवरून हात फिरवला, तर मूठभर केस हातात आले.

"महिनाभर याला नुसता सुबाभळीचा पाला घातला," ती म्हणाली. "शेळ्या पाला खातात आणि वर माळावर काहीबाही चरतात, त्यांना काही झालं नाही. पण याची शेपटी बघा. खूरही दुखतायत, पाय टेकवत नाही. महाराजांच्या कानावर घाला."

केरबाने तिच्या हातातले केस घेऊन मातीत पुरले. मग म्हणाला, "एक खोट कळली की लोक सगळे गुण विसरतील, चिमा. आपण तट्टाला कडबा घालू. कुणाला सांगायची गरज नाही."

कडब्यावर तट्टू हळूहळू सुधारले आणि विषय तिथेच राहिला.

त्याच वर्षी शेजारच्या राजाची फौज खिंडीपलीकडे येऊन बसली. तिथली खालची गवताची कुरणे तिच्या ताब्यात गेली. राजाने आपले तीनशे घोडे गडावर घेतले आणि केरबाला भर दरबारात विचारले, "घोड्यांना सुबाभळीचा पाला चालेल ना?"

सगळा दरबार केरबाकडे बघत होता. त्याने डोक्यावरची पगडी सावरली.

"चालेल, महाराज," तो म्हणाला.

त्या दिवसापासून त्याला घास गोड लागेना. रोज पाल्याचे भारे गडावर चढत होते आणि तो ते मोजत उभा राहत होता. शत्रू लवकर निघून जावा, एवढेच तो मनात म्हणत होता.

शत्रू हलला नाही. तीन आठवडे झाले आणि घोड्यांच्या आयाळी गळू लागल्या. शेपट्यांचे नुसते दांडे उरले. कित्येक घोडे लंगडू लागले. सेनापतीने थेट मोतद्दाराला, घोड्यांची निगा राखणाऱ्या धाकोजीला धरले.

"यानेच चाऱ्यात विष कालवले," सेनापती म्हणाला. "शत्रूला फितूर झालाय हा."

राजाने कडेलोटाची शिक्षा सांगितली. धाकोजीचे हात बांधून त्याला कड्याकडे नेले. तो ओरडला नाही. "महाराज, माझं काय व्हायचं ते होवो," तो म्हणाला, "पण आधी घोड्यांचा चारा बदला. ती जनावरं कशानं तरी झिजतायत."

केरबा गर्दीत उभा होता. गप्प राहिला असता, तर त्याच्याकडे कुणी बोट दाखवले नसते. त्याने धाकोजीच्या पायांकडे पाहिले. कडा दहा पावलांवर होता. मग आठ. मग पाच.

"थांबा," केरबा म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला, की त्याला तो शब्द पुन्हा उच्चारावा लागला. "थांबा. दोष पाल्याचा आहे. घोड्यांना तो सोसत नाही."

"तुला हे केव्हा कळलं?" राजाने विचारले.

"आपण दरबारात विचारलंत, त्याच्या आधीच."

राजाने धाकोजीचे हात सोडवले आणि केरबाची पगडी उतरवून घेतली. गडावरच्या घरांची गवती छपरे उतरवून ते गवत घोड्यांपुढे टाकण्यात आले. पण घोडे उभारी धरायच्या आतच शत्रूने खिंडीवर चाल केली. घोडदळ कामाचे नव्हते. पायदळाने तीन दिवस खिंड राखली. शत्रू परत गेला, पण खिंड राखणाऱ्यांपैकी निम्मे घरी आले नाहीत.

त्यांच्या घरची माणसे कुऱ्हाडी घेऊन रानात शिरली. केरबा आणि चिमा झाडांपुढे उभे राहिले. केरबा हात जोडून म्हणाला, "झाडं तोडू नका. फक्त घोड्यांना पाला घालू नका. शेळ्यांना घाला, गुरांना कडब्यात मिसळून थोडा थोडा घाला, जळणाला वापरा. मी खरं सांगतोय."

"आणखी काय लपवलंयस?" एका म्हाताऱ्याने विचारले. त्याचा मुलगा खिंडीत पडला होता.

मग त्याने केरबाला बाजूला सारले आणि पहिली कुऱ्हाड घातली. संध्याकाळपर्यंत अर्धे रान आडवे झाले, पुन्हा फुटू नये म्हणून बुंधेही जाळले गेले, आणि पुढच्या उन्हाळ्यात झाडे तोडणाऱ्यांच्याच गावांतल्या शेळ्या चाऱ्यावाचून मेल्या.

चांगल्या गोष्टीचा दोष झाकला, तर तिच्या गुणांवरचाही लोकांचा विश्वास उडतो.