विसाव्याचा धोंडा

पाहुणे, त्या धोंड्यावर टेकू नका. पाय दुखत असतील तर तिकडे पिंपळाचा पार आहे, खुशाल बसा. हा आमच्या मोहरखिंडीचा विसावा. मसणवटीत जाताना तिरडी इथं घटकाभर उतरवतात. दुसरीकडे बाया उंबऱ्यातूनच मागं फिरतात, आमच्याकडे मात्र इथवर येतात. का येतात, ते ऐका.

फार मागं गावात त्रिंबकबुवा नावाचे वैद्य होते. तीन बोटं मनगटावर ठेवली की दुखणं सांगणार, आणि त्यांनी ‘नाही’ म्हटलं की घरचे रडायलाच बसायचे. बुवांनाही त्याचा ताठा होता म्हणे. का नसावा? पन्नास वर्षांत कुणी उलटा शब्द काढला नव्हता.

एका पौषात नदीच्या या काठावरच्या गवळीवाड्यातून बुवांच्या पलीकडच्या घरी सांगावा आला. सुभान गवळ्याची बायको ठकू बाळंत होऊन निपचित पडली होती. बुवा औषधांचा बटवा डोक्यावर धरून कमरभर पाण्यातून नदी उतरून धावतपळत आले, ओलेत्यानं खाटेशी बसले. बोटं ठेवली. काही लागेना. “आटोपलं,” म्हणाले.

तिरडी निघाली. बुवाही सोबत निघाले. इथं विसाव्याला सुभाननं विस्तवाचं मडकं खाली ठेवलं. बुवा थंडीनं कुडकुडत होते, त्यांनी त्यावर हात धरले. जरा वेळानं बोटांना झिणझिण्या आल्या, तशी त्यांनी ती डोळ्यांपुढं धरली. म्हणजे आतापर्यंत ही बोटं बधिर होती! मग मघाशी आपण पाहिलं ते काय?

तोवर माणसं खांदा द्यायला वाकली होती. बोलावं तर जन्माचं नाव मातीत जाणार. न बोलावं तर ठकू जाणार. असं सांगतात की तिरडी उचलून चार पावलं गेलीसुद्धा. ती चार पावलं बुवा गप्प राहिले. मग मात्र ओरडले, “अरे थांबा! उतरवा तिला! माझी चूक झाली!”

ठकूचा हात या धोंड्यावर ठेवला. बुवांचा स्वतःच्या बोटांवरचा विश्वास उडालेला. म्हणाले, “सुभाना, तू धर.” सुभाननं धरलं आणि गडी लहान मुलासारखा रडायला लागला. नाडी होती! मंद, पण होती. ठकू पुढं सात लेकरांची आई झाली म्हणतात.

लोक बुवांच्या पाया पडू लागले, तर बुवांनी म्हणे पाय मागं ओढले. कारण त्यांना आदल्या पौषातली यमनी आठवली होती. राणोजी कुंभाराची आठ वर्षांची पोर. त्या दिवशीही ते हीच नदी उतरून आले होते, आणि तिलाही ‘नाही’ म्हणाले होते. बापानं तिला दोन्ही हातांवर घेऊन इथंच विसावा घेतला, आणि पुढं नेऊन पुरलं.

बुवांना घरी जाववेना. ते थेट कुंभारवाड्यात गेले. यमनीची आई गोदाक्का चिखल मळत होती. त्यांनी सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, “तवा तुमची बोटं गार हुती का?”

“होती, गोदाक्का.”

गोदाक्कानं हात धुतले, बुवांची ती तीन बोटं मुठीत घेतली आणि ऊन होईपर्यंत धरून ठेवली. बुवा म्हणाले, “मला शिव्या दे, शाप दे.”

“शाप देऊन माझी यमनी येती व्हय? यापुढं कुणाच्याबी घरी गेलात तर आधी तिथल्या बाईच्या हातात हात द्यायचा. ती व्हय म्हणंल, तवाच नाडी बघायची.”

बुवांनी मरेपर्यंत ते पाळलं. पण यमनी तेव्हा गेलेली होती की नव्हती, हे त्यांना कळलं नाही, गोदाक्कालाही नाही. ती मात्र जगली तोवर प्रत्येक विसाव्याला यायची आणि तिरडीवरच्या माणसाचं मनगट धरून बसायची.

आजही आमच्याकडे डॉक्टर आला की घरची बाई आधी त्याचा हात हातात घेते. नवा असला तर बिचारा लाजतो! आणि आजही इथं तिरडी उतरली की बाया एकेक करून मनगट धरतात. शेवटची बाई कुंभारवाड्यातली असते. ती हात लवकर सोडत नाही, आणि तिला कुणी घाई करत नाही.