यमाला मुराळी म्हणणारी ठकू

सिंदफणेच्या काठी देवगव्हाण नावाचं लहानसं गाव. एका वर्षी कृपानाथ महाराज तिथे चातुर्मासाला राहिले आणि गावाचं भाग्यच उजळलं! मुक्काम मारुतीच्या देवळात, अंगावर एक कांबळं, बोलणं मोजकं. हसणं मात्र असं की रडत आलेल्या माणसाचं निम्मं दुःख पायरीवरच उतरावं.

दर्शनाला येणाऱ्यांत सगळ्यांत मागे, खांबाला टेकून बसायची ती ठकू. घरोघर दळण दळून पोट भरणारी विधवा बाई. तिची एकुलती एक लेक तानी सात वर्षांची होऊन तापानं गेली, आणि त्यानंतर ठकूला ओव्या सुचू लागल्या. अक्षराशी गाठ नाही, पण जात्याचा खुंटा हातात आला की शब्द आपोआप येत. तिची एक ओवी तर बायांच्या तोंडी बसली होती:

यम म्हणू नका बाई, मुराळी आलाया न्यायाला
गूळपानी देते त्याला, पानी घालिते पायाला

सासरी नांदणाऱ्या लेकीला माहेरी न्यायला येतो तो मुराळी. तो दारात दिसला की लेकीचे पाय जमिनीवर ठरत नाहीत! आधी त्याच्या पायांवर पाणी, मग हातात गूळपाणी, ही आपली रीत. ठकूनं हा सगळा मान यमाला देऊन टाकला होता. तानीला नेलं ते माहेरीच नेलं, एवढ्या एका भरवशावर ती बाई उभी होती.

गावात त्र्यंबकशास्त्री म्हणून मोठे पंडित होते. विद्या खरी, पण तिच्याहून ताठा दुप्पट. ते पोथी सांगायला बसले आणि यमदूतांचे फास, वैतरणीचं रक्तपाणी यांचं वर्णन सुरू झालं की धट्टीकट्टी माणसंही चळाचळा कापत. एके दिवशी त्यांच्याच पडवीत दळताना ठकूनं ती ओवी म्हटली आणि शास्त्रीबुवांचं डोकं फिरलं. दळण अर्ध्यावर टाकायला लावून त्यांनी तिला थेट देवळात, महाराजांपुढे उभं केलं.

"महाराज, ही दळणारीण शास्त्र सांगतेय! म्हणे यम म्हणजे मुराळी! काय गं, मग तुझा मुराळी कधी येणार? गूळ आणून ठेवलास का?"

देऊळभर हशा पिकला. ठकूनं पदर तोंडाला लावला. हसण्याचं तिला काही वाटलं नाही. पण एवढा शिकलेला माणूस म्हणतो म्हणजे ओवी खोटीच असेल, आणि ओवी खोटी तर माझी तानी कुठं आहे?

महाराज एवढंच म्हणाले, "शास्त्रीबुवा, ओवी खरी की खोटी हे जाणाऱ्यालाच विचारावं लागेल." ठकू घरी गेली. त्या दिवसापासून तिचं जातं मुकं झालं.

आठ दिवस गेले नाहीत तोच शास्त्रीबुवांच्या घरावर आकाश कोसळलं. त्यांची आई, गोदूताई, दहा वर्षं अंथरुणाला खिळलेली आणि बारा वर्षं ठार बहिरी. कान जाण्याआधी त्या माउलीनं शेवटचं काय ऐकलं असेल? लेकाच्या तोंडची वैतरणी! बारा वर्षं तेच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. आता घटका भरत आली तशी ती किंचाळू लागली, "फास आला! मला धरा रे!" दोन दिवस डोळ्याला डोळा नाही, घशाखाली पाणी नाही. सुनेच्या मनगटात तिची नखं रुतली होती. शास्त्रीबुवा कानाशी तोंड नेऊन रामनाम ओरडत. तिला ऐकू काहीच येत नसे, दिसे ते फक्त वासलेलं तोंड, आणि ती आणखीच घाबरे.

भर दुपारी शास्त्रीबुवा अनवाणी धावत देवळात आले. "महाराज, आईचे हाल बघवत नाहीत हो!"

महाराज म्हणाले, "ठकूला घेऊन या."

"तिला? तिला तर मी..."

"म्हणूनच तुम्ही स्वतः जा."

गेले बापडे! ठकूच्या झोपडीपुढे त्यांनी मान खाली घालून निरोप सांगितला. तिनं पदर खोचला आणि ती निघाली. महाराज आधीच वाड्यात येऊन बसले होते.

"म्हाराज, जात्याबिगर मला ओवी येत न्हाई," ठकू म्हणाली. चौघांनी पडवीतलं जातं उचलून म्हातारीच्या बाजेशी आणलं. तेवढ्यात शास्त्रीबुवांचा धीर सुटला. "पण महाराज, आई बहिरी आहे! ओवी ऐकणार कोण?"

ठकूनं खुंट्यावरचा हात काढला. महाराज म्हणाले, "ठकू, गाणं तुझं काम. ऐकवणारा दुसरा आहे. तू गा!"

मूठभर ज्वारी पडली. समोरून सुनेनं आपला मोकळा हात खुंट्याला लावला. जातं घरघरलं, आणि आठ दिवस दाबून ठेवलेला आवाज फुटला: "यम म्हणू नका बाई..."

म्हातारीची किंकाळी अर्ध्यावर थांबली! तिनं मान वळवली. "कोण गातंय गं? किती गोड गातेय!"

ऐकू आलं! बारा वर्षांचे बंद कान उघडले! कुणी म्हणेल, जात्याची घरघर जमिनीतून बाजेत गेली असेल. म्हणोत बापडे! घरघर गेली असेल, पण शब्द कसे गेले ते त्यांनी सांगावं.

"मुराळी आलाय?" गोदूताई दाराकडे बघू लागल्या. "अगंबाई, आमचा अण्णाच की! त्र्यंबक, मामा उन्हात उभा आहे आणि तू बघतोस काय? गूळपाणी दे त्याला!"

अण्णामामांना जाऊन तीस वर्षं झाली होती. पण शास्त्रीबुवा उठले. त्यांनी उंबऱ्याबाहेर पाणी घातलं, गुळाचा खडा आणि तांब्या ठेवला. ज्याच्या नावानं गावाला कापरं भरवलं, त्याचंच आतिथ्य करायची वेळ त्यांच्यावर आली!

"आणि अण्णाच्या बोटाला धरून ही पोर कुणाची रे?" म्हातारी हसत म्हणाली. "डाव्या भुवईवर खोक आहे बघ. हसतेय कशी लबाड!"

ठकूचा हात खुंट्यावर गोठला. रांगत येऊन तानी जात्याच्या खुंट्यावर आपटली होती, तीच ती खोक! अंथरुणावरच्या गोदूताईंनी तानीला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ठकूला हुंदका आवरेना. तिनं महाराजांकडे पाहिलं, तर महाराजांचे डोळेही भरलेले.

"थांबू नकोस, बाई," ते हळूच म्हणाले. ठकू रडत रडत गायली:

नको भिऊ माज्या जिवा, पल्याड आपलाच गाव
येशीपाशी हुबी माय, घेती लेकीचं गं नाव

गोदूताईंनी सुनेचं मनगट सोडलं, स्वतःचा पदर नीट केला, "येते हं" म्हणाल्या आणि डोळे मिटले. चेहऱ्यावर भीतीची रेघ नव्हती.

शास्त्रीबुवांनी महाराजांचे पाय धरले. "माझी पोथी खोटी ठरली, महाराज!"

"पोथी खोटी नाही, बुवा. ती चालत्याफिरत्या माणसाला सावध करण्यासाठी आहे. जाणाऱ्याला धीर द्यावा लागतो, तो तुमच्याकडे नव्हता. आमचे पाय सोडा. धीर देणारी तिथे बसली आहे."

वाड्यात जमलेल्या सगळ्या गावादेखत त्र्यंबकशास्त्र्यांनी पिठानं माखलेल्या त्या पायांवर डोकं ठेवलं. ठकू अंग चोरत मागे सरली. "अवं, काय करता हे!"

"ठकूबाई, माझी वेळ आली की याल ना?"

"तवर मी असंन का नसंन, कुणी सांगावं? तुमीच ती मुराळ्याची ओवी पाठ करा की."

आणि हजारो श्लोक मुखोद्गत असलेले शास्त्रीबुवा तिथेच जात्यासमोर मांडी घालून बसले. ठकू एक शब्द सांगे, ते तो हात जोडून म्हणत. दोनच ओळींची ओवी ती, पण दर शब्दाला ते आईच्या बाजेकडे वळून बघत, आणि दुसरी ओळ पुरी व्हायला संध्याकाळ झाली.