खुराड्याचं माप

नगराध्यक्ष बापूसाहेब इंगवले यांना शेजारच्या द्वारकाबाईंच्या कोंबड्या डोळ्यांसमोर नको होत्या. शेजाऱ्याच्या घरापासून पन्नास फुटांच्या आत खुराडं नको, या नियमावर बोट ठेवून त्यांनी बाईंना पालिकेत हेलपाटे घालायला लावले. द्वारकाबाई पार थकून गेल्या. पण नवरा गेल्यापासून घरात सोबतीला होत्या त्या कोंबड्याच.

शेवटी बापूसाहेब निरीक्षकाला घेऊन परसात आले. बापूसाहेबांच्या घराच्या मागच्या खोलीपासून टेप धरला, तर खुराडं वीस फुटांवर भरलं.

"आता काय म्हणणं आहे?" बापूसाहेबांनी विचारलं.

द्वारकाबाई गुडघा दाबत पायरीवर बसल्या. "काही नाही. खुराडं हलवते. फक्त माप कुठून धरलं, ते पंचनाम्यात लिहा. तुमच्या जुन्या भिंतीपासून मोजलं, तर खुराडं पन्नास फुटांच्या बाहेर आहे. ही खोली तुम्ही मागाहून काढलीत, परवान्याशिवाय. तिच्यापासूनच मोजायचं असेल, तर तिचंही नाव लिहा. मी लगेच अंगठा देते."

निरीक्षकाचं पेन थांबलं. त्याने बापूसाहेबांकडे पाहिलं.

"गुंडाळा तो टेप," बापूसाहेब हळूच म्हणाले.

"मग उद्या पालिकेत यायचं का?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"नका येऊ."

द्वारकाबाईंनी पाय लांब केले आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.