टाकीवर चढवलेलं पान

आंबेसावळी नावाचं एक गाव. तिथे गोरख नावाचा एक भोळा संगणकवाला राहायचा. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा. अडचण तीच होती.

त्याच गावच्या सुलभाताई शेतकी शाळेत शिकवायच्या. सहा वर्षं खपून त्यांनी एक प्रोग्रॅम तयार केला होता. टोमॅटोच्या पानाचा फोटो दाखवला, की तो चार हजार रोगट पानांच्या फोटोंशी ताडून रोग सांगायचा. प्रयोग अजून चालूच होता. पण यंदा टोमॅटोवर करपा रोग फार पडला होता. म्हणून ताईंनी घाईघाईने त्याचं वेबपान बनवलं आणि मदतीला गोरखला घेतलं.

"गोरख, पान आज वर चढव. सगळ्या गावाला दिसलं पाहिजे."

गोरखने पानाचा फ्लेक्स छापून पाण्याच्या टाकीवर चढवला. सगळ्या गावाला दिसला. दुपारपर्यंत तीसेक शेतकरी टोमॅटोची पानं उंच धरून टाकीखाली उभे होते. एक जण म्हणाला, "रेंज नाही वाटतं."

ताई धावत आल्या. "अरे, लोकांना वाटलं काम पक्कं झालं! लोकांपुढे काही मांडलं, की खाली स्पष्ट लिहावं. प्रायोगिक आहे, चुका असू शकतात."

"कळलं ताई. पुढच्या वेळी लक्षात ठेवतो."

पुढची वेळ म्हणजे उद्घाटन. नवे कृषी अधिकारी घोरपडेसाहेब येणार होते. गोरखने स्वागताचा फलक रंगवला: 'प्रमुख पाहुणे मा. घोरपडेसाहेब'. खाली लिहिलं: 'प्रायोगिक आहेत, चुका असू शकतात.'

साहेबांनी फलक दोनदा वाचला. ताईंचा चेहरा पडला. "गोरख, गडबड झाली ना, की आधीचं होतं ते परत आणायचं! लगेच!"

"कळलं ताई."

तासाभरात गोरखने आधीचे साहेब आणले. ते दोन वर्षांपूर्वीच सेवानिवृत्त झाले होते. बिचारे लुंगीवरच आले आणि येऊन सरळ घोरपडेसाहेबांच्या खुर्चीत बसले.

उद्घाटन आठवडाभर पुढे गेलं. जाताना घोरपडेसाहेबांनी पडद्यावरच्या वेबपानाकडे बोट दाखवलं; तिथे त्यांचं नाव एका रोगट पानाच्या फोटोवर आलं होतं. "आणि माझ्या नावामागे हा काळा डाग कसला?"

ताई कळवळून म्हणाल्या, "गोरख, माझी सहा वर्षं पणाला लागलीत रे. पानावर एकही डाग दिसता कामा नये!"

गोरखलाही वाईट वाटलं. आठवडाभर तो जेवायलासुद्धा उठला नाही.

सोमवारी सगळे जमले. गंगूबाई शेलारांनी आपल्या वावरातलं काळं ठिक्कर पडलेलं पान फोनपुढे धरलं. उत्तर आलं: 'पान निरोगी आहे. अभिनंदन!' दुसरं पान निरोगी. तिसरं निरोगी.

"गोरख," ताई म्हणाल्या, "काय केलंस?"

"चार हजार फोटो होते ताई. एकेक डाग पुसला. मूळ प्रतीसुद्धा सोडल्या नाहीत."

ताई मटकन खाली बसल्या. घोरपडेसाहेब मात्र उठले. तालुका करपामुक्त झाल्याचं त्यांनी जाहीर केलं, फवारणी बंद करवली आणि तसा अहवाल वर पाठवला.

पंधरा दिवसांनी शेजारच्या तालुक्याने गोरखला सन्मानाने बोलावून घेतलं. तिकडे करपा फारच होता.